‘कीप’चा रिकामा खण

१

साहेब, चोर तुम्ही शोधला नाही. चोर तुम्ही नेमला. शिपायाची नेमणूक होते, कारकुनाची होते, तशी. कागदावर, सहीशिक्क्यानिशी, जावक क्रमांक टाकून. ज्या माणसानं तुमच्या शब्दकोशापायी एकतीस वर्षं बोटं झिजवली, त्याला तुम्ही फाटकावरूनच माघारी धाडलंत. त्याचा जेवणाचा डबा उघडून पाहिलात. त्याच्या घरी दोन माणसं पाठवून कपाट उपसलंत, गाद्या उलथ्यापालथ्या केल्यात. आणि जिथे बघायला हवं होतं तिथे एकदाही बघितलं नाहीत. का बघितलं नाहीत, ते विचारलं जाईलच. आधी झालं काय, ते ऐका.

सोमवारी सकाळी अकराला कोशघरात बोंब उठली. कोशघर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण. दोनशे चाळीस. प्रत्येक खणात इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या, तळहाताएवढ्या. चिठ्ठीवर एक इंग्रजी वाक्य, ते कुठे सापडलं त्याची नोंद, आणि त्या वाक्यात त्या शब्दाला मराठीत काय काय म्हणता येईल त्याची यादी. खाली कोपऱ्यात, ज्यानं ती चिठ्ठी केली त्याची खूण आणि तारीख. प्रत्येक चिठ्ठीला तळाशी भोक, आणि खणभर भोकांतून आरपार गेलेली एक लोखंडी सळई. पुढची पितळी मूठ पिळली की एक चिठ्ठी जागची हलत नाही.

त्या दिवशी ‘कीप’ या शब्दाचा खण रिकामा निघाला. सहाशे अठरा चिठ्ठ्या गेल्या होत्या.

आता कुणी म्हणेल, हात्तिच्या, ‘कीप’! दुसरीतल्या पोरालाही येतो. येतो ना? मग सांगा त्याचा अर्थ. ठेवणे? बरं. पण वचन कुणी ठेवत नाही, वचन पाळतात. कोंबड्याही पाळतात. गुपित राखतात. दुकान चालवतात. दूध टिकतं. कुणी उशिरापर्यंत खोळंबवून ठेवतं. कुणी बोलतच राहतं. म्हातारी आई सांभाळतात. इंग्रजीचं एका शब्दात भागतं. मराठीत त्याच एका शब्दाला प्रत्येक दारात वेगळ्या नावानं हाक मारावी लागते. ती दारं शोधत चार माणसांनी चार वर्षं घालवली होती. चौघांतले तिघे आता या जगात नाहीत. उरले ते अण्णा.

आणि अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा एक अर्ज केला होता. कोश आता छापायला निघालाय, तर पहिल्या पानावर आम्हा चौघा चिठ्ठीकारांची नावं यावीत. माझं नाही आलं तरी चालेल, त्या तिघांची तरी यावीत. अडचण एकच होती. पाच वर्षांपूर्वी कोशाचं माहितीपत्रक निघालं, त्यात नमुना म्हणून ‘कीप’ची नोंद छापली होती, आणि ती मुख्य संपादक म्हणून साहेबांच्या नावावर. त्या नोंदीवर साहेबांना मानाची शाल मिळाली होती, भाषणं झाली होती. कोशमंडळाच्या अध्यक्षबाईंनी साधी गोष्ट सुचवली: ‘‘चिठ्ठ्यांवर खुणा असतात ना? सोमवारी दुपारी बारा वाजता ‘कीप’चा खण आमच्यासमोर ठेवा.’’

बाराला एक तास कमी असताना खण रिकामा निघाला.

साहेबांनी मंडळाला सांगितलं, ‘‘अण्णांचा दावा खोटा होता. चिठ्ठ्या समोर आल्या असत्या तर उघडे पडले असते. म्हणून त्यांनीच पळवल्या.’’ मंडळानं शुक्रवार दुपारी चारपर्यंत मुदत दिली. चारला पहिली पानं छापखान्यात जाणार होती. तोवर चिठ्ठ्या आल्या नाहीत तर अण्णांवर चोरीचा शिक्का, आणि त्या चौघांची नावं कायमची गेली.

प्रुफं तपासणाऱ्या ताई रिकाम्या खणापाशी उभ्या होत्या. गळ्यात दोरीनं भिंग अडकवलेलं असायचं, म्हणून मागे सगळे त्यांना ‘भिंग’च म्हणायचे; तोंडावर कुणाची छाती नव्हती. बाकीचे हळहळत होते, ताई बघत होत्या. खणात एकही चिठ्ठी नव्हती. पण सळई होती. जागच्या जागी. त्यांनी मूठ फिरवून पाहिली. घट्ट पिळलेली.

आता हा कसला चोर? सहाशे चिठ्ठ्या उपसतो, आणि जाताना सळई परत घालून मूठ आवळतो?

२

मंगळवारी ताई डॉक्टरांच्या टेबलापाशी गेल्या. हे डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, शब्दांचे. उपसंपादक. वय चाळिशीचं, आवाज साठीचा. टेबलावर चार-पाच खण उघडे, आणि त्यांच्या सळया कागद उडू नयेत म्हणून प्रुफांवर ठेवलेल्या. यावरून अण्णांचं आणि त्यांचं दर महिन्याला एक भांडण ठरलेलं. ‘‘डॉक्टर, सळई बाहेर ठेवणं म्हणजे कडी न लावता पाळणा हलवणं,’’ अण्णा म्हणायचे, आणि डॉक्टर म्हणायचे, ‘‘अण्णा, तुम्ही सळईशी लग्न करा.’’

‘‘तुम्हीच पहिल्यांदा उघडला ना खण?’’ ताईंनी विचारलं.

‘‘मग? साहेबांनी अकराला सांगितलं, बारा वाजता लागणारय, आणून ठेवा. ओढला तर हलका फूल.’’

‘‘त्याआधी कुणी उघडला असेल?’’

‘‘शनिवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा भरलेला होता. माझ्यासमोर अण्णांनी बंद केला. कोशघराच्या किल्ल्या चौघांकडे. साहेब, मी, अण्णा, आणि टंकलेखनाला बसते ती धाकटी. आता हिशोब तुम्हीच करा.’’ मग आवाज उतरवून म्हणाले, ‘‘ताई, मी अण्णांशी भांडतो हे खरं. पण अण्णा आणि चोरी? मला नाही पटत. फक्त मला विचारतो कोण?’’

‘‘मी विचारतेय की.’’

मग ताईंनी त्यांच्यापुढे ‘कीप’चं दुसरं प्रूफ सरकवलं. शनिवारीच त्यांनी त्यात एका जागी प्रश्नचिन्ह घातलं होतं. ‘टिकणे’ या अर्थाखाली एक उदाहरण होतं, कुण्या बाईनं दूरदेशी गेलेल्या नवऱ्याला लिहिलेल्या जुन्या पत्रातलं. इंग्रजी वाक्य आणि खाली मराठी: ‘तू येईपर्यंत दूध टिकणार नाही,’ आणि तिथंच खलास. पुढचं काहीतरी गळलं होतं. ताईंनी समासात लिहिलं होतं: वाक्य अर्धवट. चिठ्ठी पाहा.

‘‘कुठली चिठ्ठी पाहू?’’ डॉक्टर कडवट हसले. ‘‘चिठ्ठीच नाही राहिली.’’

‘‘पाठ असेल तुम्हाला.’’

‘‘ताई, तीन लाख वाक्यं आहेत या खोलीत. मला माझ्या घरचा फोन नंबर पाठ नाही.’’ त्यांनी लाल पेन काढलं, वाक्यावर फुली मारली आणि शेजारी लिहिलं: चिठ्ठी नाही. वाक्य गाळा. मग प्रूफ टंकलेखनाच्या टोपलीत टाकलं.

टोपलीमागे धाकटी बसली होती. वय सव्वीस-सत्तावीस, सहा-सहा महिन्यांच्या करारावर. कोशघरात सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. एरवी दिवसभर गुणगुणायची. शनिवारपासून तिचा आवाज बसला होता म्हणे. डोळे मात्र घसा बसल्यासारखे दिसत नव्हते. रडल्यासारखे दिसत होते.

३

बुधवारी ताई अण्णांच्या घरी गेल्या. दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर. झडतीला येऊन गेलेल्यांनी उपसलेलं कपाट काकू अजून लावत होत्या.

‘‘माझ्या लग्नातल्या साडीच्या घड्या मोडल्या मेल्यांनी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘चिठ्ठ्या शोधतायत! अहो, या माणसानं घरात कधी चिठ्ठी आणली असती तर मी आधी त्याला घरात घेतला नसता. एकतीस वर्षं सवत ऑफिसात ठेवली, हे एवढं बरं केलं.’’

अण्णा खिडकीशी बसले होते. हडकुळे, डाव्या अंगठ्याला शाईचा जुना डाग, आता कातडीतच मुरलेला. ताईंना बघून हसले. पण हसू गालापर्यंत आलं आणि तिथंच दमलं.

‘‘भिंग आलं का? या.’’

‘‘अण्णा! तुम्हीसुद्धा?’’

‘‘चोर ठरलोय आता. चोराला कसली भीड.’’

ताईंनी सगळं सांगितलं. अण्णा ऐकत होते. कोण काय म्हणालं, साहेब काय म्हणाले, कशाचंच नवल नाही. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘‘सळई कशी होती?’’

‘‘जागेवर. मूठ घट्ट.’’

अण्णांनी डोळे मिटले. कपाळावरची शीर सैल पडताना ताईंनी बघितली. जणू कुणी सांगितलं, हरवलेलं पोर शेजारच्याच घरी खेळतंय.

‘‘मग काळजी नको,’’ ते म्हणाले.

‘‘काळजी नको? अण्णा, परवा चार वाजता तुमच्या कपाळावर चोर लिहिणारयत!’’

‘‘लिहू देत. कपाळ जुनंय, बरंच काही मावतं त्यावर.’’

‘‘तुम्हाला माहितीय कुणी नेल्या ते.’’

‘‘मला काही माहीत नाही,’’ अण्णा म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की ताईंना कळलं, माहीत आहे. आणि हा म्हातारा कुणाला तरी पाठीशी घालतोय.

काकूंनी चहा ठेवता ठेवता एक पाकीट ताईंच्या हातात दिलं. ‘‘हे वाचा साहेबांचं प्रेमपत्र. सोमवारी दहाला हे नेहमीसारखे पोचले, तर पहारेकऱ्यानं आत सोडलंच नाही. फाटकावरच हातात दिलंन हे.’’

ताईंनी भिंग लावलं. खरं तर गरज नव्हती, पण सवय. ‘‘‘कीप’च्या खणातील सर्व चिठ्ठ्या गहाळ केल्याच्या संशयावरून आपणांस आजपासून कार्यालयात येण्यास मनाई करण्यात येत आहे.’’ खाली सही. वर जावक क्रमांक, तारीख, आणि जावक शिक्क्याच्या चौकटीत वेळ: सकाळी ९.४०.

ताईंनी पत्र एकदा वाचलं. दोनदा वाचलं. मग चहा तसाच ठेवून उठल्या.

‘‘काकू, हे पत्र मला हवंय.’’

‘‘न्या. कपाटात तशी आता जागाच नाही.’’

४

गुरुवारी सकाळी ताई तळमजल्यावर बाइंडरमामांकडे गेल्या. सरसाचं भांडं, दोऱ्याची रिळं, आणि मामा. मामांना दोन गोष्टी आवडायच्या. पुस्तकं शिवणं आणि तक्रार करणं.

‘‘सोमवारी सकाळी वर आला होतात का मामा?’’

‘‘आलो होतो! आणि उगाच जिने चढायला लावले, गुडघे काय माझे सरकारी आहेत? साडेनवाला साहेबांचा निरोप. मामा, रद्दीची मोठी गोणी घेऊन या. गेलो. साहेब कोशघरात एकटेच. खणांपाशी उभे. तोंड असं, की कुणी कानाखाली काढलीय. मला बघून म्हणाले, कशाला आलात? म्हटलं, तुम्हीच बोलावलंत गोणी घेऊन. तर म्हणाले, नको आता, जा. आलो तसा रिकामी गोणी घेऊन खाली. ती बघा अजून तिथंच पडलीय.’’

‘‘हे कुणाला सांगितलंत?’’

‘‘विचारलंय कुणी? चौकशी साहेब लोकांची. बाइंडरला विचारतात ते फक्त सरस वाळला का.’’

ताई जिने चढताना एकेका पायरीवर एकेक गोष्ट ठेवत गेल्या. साडेनऊला साहेब खणांपाशी. हातात येणार होती रद्दीची गोणी. नऊ चाळीसला पत्र. आणि खण रिकामा असल्याचा शोध लागला अकराला, तोही डॉक्टरांना!

म्हणजे साहेबांनीच नेल्या? नाही. नेल्या असत्या तर गोणी भरून गेली असती. तोंडावर मारल्यासारखा माणूस उभा राहतो, तो चोरी केल्यावर नाही. आपण करायच्या आधीच कुणीतरी करून गेलं, हे कळल्यावर.

मग कोण?

टेबलावर तिसरं प्रूफ येऊन पडलं होतं. ‘कीप’चंच. ताईंनी सवयीनं आपल्या जुन्या खुणा एकेक करून तपासल्या. ही दुरुस्ती झाली, ही झाली. ‘टिकणे’पाशी आल्या. डॉक्टरांनी गाळायला सांगितलेलं वाक्य तिथं नसायला हवं होतं.

वाक्य होतं. पुरं होतं.

‘तू येईपर्यंत दूध टिकणार नाही, पण मी टिकेन.’

ताईंचं भिंग टेबलावर आपटलं आणि खण्णकन वाजलं. सोमवारपासून ज्या चिठ्ठ्या जगात नाहीत, त्यांतल्या एका चिठ्ठीवरचं वाक्य मंगळवारनंतर कुणीतरी वाचून इथं भरलं होतं.

५

चोरी करणारी माणसं चोरी करतात आणि गप्प बसतात. कोशातली माणसं तसली नसतात. त्यांना समोर चुकीचं वाक्य दिसलं, तर फासावर चढतानासुद्धा दोरीवरची पाटी दुरुस्त करतील. ताईंना हे ठाऊक होतं, कारण त्या स्वतः तशाच होत्या.

अण्णा सोमवारपासून इमारतीत नाहीत. डॉक्टरांना वाक्य आठवत नव्हतं, त्यांनी तर फुली मारली होती. शिवाय डॉक्टर सळई परत बसवणार? ते सळईनं पाठ खाजवतील. प्रूफ टोपलीतून निघून एकाच टेबलावर गेलं होतं. आणि सळई जागेवर घालून मूठ आवळायचं व्रत या खोलीत अण्णांनी ज्या एकाच माणसाला शिकवलं होतं, ते त्याच टेबलावर बसत होतं. म्हणून तर म्हाताऱ्यानं सळईचं विचारलं. म्हणून तर डोळे मिटले.

पण चिठ्ठ्या कुठायत? संध्याकाळी फाटकावर प्रत्येकाची पिशवी बघतात. सहाशे अठरा चिठ्ठ्या म्हणजे दोन विटांएवढं ओझं, पदराखाली जाणार नाही. म्हणजे बाहेर गेल्याच नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! साहेबांनी म्हाताऱ्याच्या गाद्या उलथल्या, पण तीस पावलांवरचे दोनशे एकोणचाळीस खण कुणी उघडले नाहीत.

त्यातला एक सोडला तर बाकीचे खण गच्च भरलेले. अण्णा म्हणायचे, ‘‘झेडचा खण म्हणजे सासरी गेलेल्या लेकीची खोली. जागा सगळी, माणूस एक.’’

दुपारच्या जेवणाला सगळे उठले. ताई शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या खणापाशी गेल्या. झेड. ओढला. एरवी एका बोटानं यायचा. आज दोन हात लागले.

‘‘ताई.’’

मागे धाकटी उभी होती. हातात जेवणाचा डबा, न उघडलेला.

‘‘बस,’’ ताई म्हणाल्या. ‘‘आणि आधी जेव. उपाशीपोटी कबुली देऊ नये, अर्धी विसरायला होते.’’

ती जमिनीवरच बसली. डबा उघडला नाही. सगळं एका दमात सांगितलं. शनिवारी दुपारी साहेबांनी तिच्याकडून एक टिपण टंकून घेतलं. ज्या नोंदी टंकून झाल्या, त्यांच्या चिठ्ठ्या रद्दीत काढायच्या. सुरुवात सोमवारी सकाळी, ‘कीप’पासून. टंकून झाल्यावर साहेबांनी ते स्वतः येऊन संगणकावरून पुसून टाकायला लावलं आणि म्हणाले, हे तुझ्या-माझ्यात.

‘‘सगळे गेल्यावर मी पंधरा मिनिटांत काढल्या. बॅगेत मावेनात. मग इथं घातल्या. वाटलं, बारा वाजता मंडळ बसेल तेव्हा उठून सांगीन, या इथं आहेत. पण साडेदहाला कळलं, अण्णांना फाटकावरून परत पाठवलं. मग मंडळाला साहेब म्हणाले, चोरी. ताई, माझी जीभच उचलली नाही. माझा करार या महिन्यात संपतो. आई माझ्याकडे असते, अंथरुणावर. मी ठरवायची, आज सांगते. मग म्हणायची, उद्या. अण्णा तिकडे...’’

‘‘अण्णांना माहितीय.’’

धाकटीनं वर बघितलं.

‘‘सळईवरून. म्हातारा तुझ्यासाठी गप्प बसलाय. तू त्याच्यासाठी चिठ्ठ्या लपवल्यास आणि तो तुझ्यासाठी तोंड मिटून बसलाय. दोघं भले, आणि मधल्यामध्ये मजा कुणाची?’’ ताईंनी तिचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. ‘‘वाक्य का भरलंस ग? डॉक्टरांनी तर गाळ म्हणून लिहिलं होतं. तेवढं गाळलं असतंस तर मला जन्मात कळलं नसतं.’’

‘‘कसं गाळणार ताई?’’ धाकटी म्हणाली. ‘‘त्या बाईनं तेवढ्यासाठी तर पत्र लिहिलं होतं.’’

ताईंनी भिंग पुसलं. भिंग स्वच्छच होतं.

‘‘उद्या मी तुझं नाव घेणार नाही. पुढचं तुझं तू बघ.’’

६

शुक्रवारी सव्वातीन. मंडळाचे तिघे एका बाजूला, मध्ये अध्यक्षबाई. शेजारी साहेब. दाराशी खुर्च्यांवर डॉक्टर आणि धाकटी. बाहेर बाकावर मंडळानं बोलावून घेतलेले अण्णा, मांडीवर डबा, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्यासारखे. ताई दोन्ही हातांनी झेडचा खण घेऊन आल्या आणि त्यांनी तो टेबलावर आपटला.

‘‘या सहाशे अठरा.’’

साहेब ताडकन उठले. ‘‘कुणाकडे मिळाल्या?’’

‘‘कुणाकडे नाही. कोशघरात होत्या. चिठ्ठ्या शोधल्या असत्यात तर तुम्हालाही मिळाल्या असत्या. तुम्ही माणूस शोधत होतात.’’

‘‘ठेवल्या कुणी तिथं? नाव सांगा!’’

ताईंनी खण मंडळाकडे सरकवला. दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

‘‘मी,’’ धाकटी म्हणाली. आवाज बसलेला नव्हता. ‘‘सोमवारी रद्दीत जाणार होत्या म्हणून मी ठेवल्या. अण्णांना यातलं काहीच माहीत नव्हतं.’’

‘‘हे बघा!’’ साहेब मंडळाकडे वळले. ‘‘चोर आपण होऊन उभा राहिला. आणि रद्दीत जाणार होत्या असं कुणी सांगितलं हिला? आहे काही कागद?’’

‘‘कागद पुसून टाकलात,’’ ताई म्हणाल्या. ‘‘पण एक राहिला.’’ त्यांनी अण्णांचं पत्र अध्यक्षबाईंपुढे ठेवलं. ‘‘जावक शिक्क्यातली वेळ वाचा बाई. नऊ चाळीस. डॉक्टर, खण पहिल्यांदा कधी उघडलात?’’

डॉक्टरांनी साहेबांकडे बघितलं. मग अण्णा बसले होते त्या दाराकडे. मग म्हणाले, ‘‘अकराला. साहेबांनी सांगितल्यावर. साहेब तेव्हा म्हणाले, अरेच्चा, रिकामा? असं म्हणाले.’’

‘‘मामा!’’

बाइंडरमामा आत आले. त्यांनी रिकामी गोणी टेबलावर टाकली, झेडच्या खणाशेजारी. ‘‘साडेनवाला मागवली होती साहेबांनी. भरलीच नाही. ही घ्या. आणि परत जिने चढायला लावू नका.’’

अध्यक्षबाईंनी सळईची मूठ सैल केली आणि चिठ्ठ्या एकेक उलटू लागल्या. खालच्या कोपऱ्यातल्या खुणा. वर्तुळात टिंब, ते अण्णा. त्रिकोण, उभी रेघ, छोटा मासा, हे ते तिघे गेलेले. वर्तुळ. मासा. मासा. रेघ. त्रिकोण. वर्तुळ. बाईंनी शंभरएक उलटल्या, मग थांबल्या.

‘‘साहेब, तुमची खूण कोणती?’’

साहेबांनी चष्मा काढला. घातला. म्हणाले, ‘‘हा विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही.’’

अण्णा केव्हा आत आले कुणाला कळलं नाही. कुणाकडे न बघता ते टेबलापाशी गेले, बाईंनी सैल केलेली सळई सरळ केली, मूठ पिळली. मग धाकटीकडे वळून म्हणाले, ‘‘पोरी, अर्धा पीळ जास्त देतेस तू. मळसूत्र झिजेल.’’

धाकटी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. ‘‘आता बेतानं पिळीन अण्णा.’’

‘‘‘आता’ म्हणजे करार वाढला तर,’’ मामा पुटपुटले. अध्यक्षबाईंनी ते ऐकलं आणि कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

चारला पाच मिनिटं कमी होती. छापखान्याचा माणूस दाराशी येऊन उभा होता, हातात पहिल्या पानाचा कागद. वर कोशाचं नाव. खाली कोरी जागा.

साहेब, ती जागा अजून कोरी आहे. तिथं वर्तुळ, त्रिकोण, रेघ आणि मासा या चौघांची नावं बसायची आहेत, आणि त्या मुलीच्या कराराचा कागद तुमच्याच सहीसाठी पडलाय. कार्यक्रमपत्रिका गेली खड्ड्यात. अकराला ज्याचा शोध लागला, ते तुम्हाला नऊ चाळीसला कसं ठाऊक होतं? गोणी कशासाठी मागवली होतीत? सगळे उभे आहेत, छापखाना थांबलाय. उत्तर द्या.